नांगरून ठेवलेलं रान

एसटीतून उतरल्या उतरल्या आत्यानं आधी पायाखाली बघितलं. समोर तुळशीरामआबा पटका सारखा करत हात जोडून उभे होते. त्यांच्यामागं त्यांचा मुलगा ज्योतीराम होता, आणि पलीकडं पिंपरणीच्या झाडाखाली वाडीतली पाच-सहा माणसं खास आम्हालाच बघायला जमली होती. आत्यानं कुणाकडंही न बघता चपलेच्या टाचेनं रस्त्याकडेची माती उकरली आणि मगच मान वर केली.

"या अक्का, या," आबा म्हणाले. "आधी घरी चला. पाणी घ्या, चार घास खावा, मग निवांत..."

"आधी रान," आत्या म्हणाली. "जेवल्यावर समदीच रानं चांगली दिसत्यात."

आबा हसले, पण ते हसू काही फार टिकलं नाही. मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी आत्याच्या मागं पदर घट्ट धरून उभी होते. मुलीकडच्यांनी जमीन बघायला यायची रीत होती, पण त्यासाठी पुरुष माणसं येत. इथं एक बाई आली होती, आणि वर नवरी मुलगीच बरोबर घेऊन आली होती.

"हिलाबी आणलंय," आबा म्हणाले.

"नांदायचं हिला. मग बघायचं कुणी, मी?"

चुलत्याला तिनं मुद्दाम घरी ठेवलं होतं. त्याला कुणी पोटभर जेवायला घातलं की तो होकार देऊन येतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

सत्याहत्तर सालचा चैत्र होता. मी एकोणीस वर्षांची होते. आईवडील लहानपणीच गेले, मला वाढवलं ते आत्यानं. तिचा नवरा बावन्नच्या दुष्काळानंतर धरणाच्या कामावर गेला तो परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही. काही वर्षं वाट बघून ती कपाळाच्या कुंकवासकट माहेरी आली. तिला दिलं होतं ते असल्याच माळावर, उथळ मातीच्या गावात. म्हणून माझ्या सोयरिकीत ती मुलगा बघत नसे, माती बघे.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारातलं. तिथं उन्हाळ्यात रानाला अशा भेगा पडत की ज्वारीचं अख्खं धाट आत सोडलं तर दिसेनासं व्हावं. आत्याची परीक्षा सोपी होती. भेगेत हात घालायचा. कोपरापर्यंत गेला तर पुढचं बोलणं, नाही तर राम राम. अशी तीन स्थळं तिनं घालवली होती. एकाची माती तळहातावरच संपली. दुसऱ्याची खारवट निघाली. तिसऱ्याचं रान फार उत्तम होतं, पण ते त्यानं शेजाऱ्याचं दाखवलं होतं.

चौथं स्थळ गावातच तयार होतं. नदीकाठची आठ एकर, माती पुरुषभर खोल, आणि मालक दोन मुलांचा बाप, पुढचे दात पडलेला विधुर. आत्यानं मला सरळ सांगून ठेवलं होतं, "हितलं न्हाई जमलं तर जेष्ठात त्यालाच देऊन टाकणार. रान तरी खात्रीचं हाय."

आणि मला ज्योतीराम आवडला होता. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण आवडला होता. महिन्याभरापूर्वी तो मला बघायला आला तेव्हा इतरांसारखं नाव, शिक्षण, स्वयंपाक असलं काही त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "तुम्हाला काय विचारायचं आसंल तर इचारा." असं कुणी विचारतं का? मी गडबडून विचारलं, "तुमच्याकडं पाऊस किती पडतो?" सगळं घर हसलं. तो हसला नाही. "पडला तर पुरतो," एवढंच म्हणाला. त्या तीन शब्दांवर मी महिना काढला होता.

रान वस्तीपासून दहा मिनिटांवर होतं. आत्याचे गुडघे दुखत, त्यामुळं आम्हाला वीस लागली. बांधावर आलो आणि आत्या थांबली.

सगळं रान नांगरलेलं होतं. काळीभोर, डोक्याएवढी ढेकळं पार टोकापर्यंत पसरली होती. दिसायला असं देखणं की कुणाचीही नजर लागावी. फक्त भेग एकही शिल्लक नव्हती.

"नांगरट लौकर उरकली," आत्या म्हणाली.

"ऊन चांगलं लागतंय अक्का. तण मरतंय."

"बैलं किती जुपली?"

"सहा."

"आसं," आत्या म्हणाली आणि बांधावरच्या बोरीच्या सावलीत फतकल मारून बसली. तिच्या पिशवीत कापडात गुंडाळलेली हातभर लोखंडी सळई असायची, ती तिनं बाहेर काढलीच नाही. नांगरलेल्या रानात सळईनं काही कळत नाही हे तिला ठाऊक होतं. तिथं हातच घालावा लागतो, आणि ढेकळांतून चालणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं.

"सुभद्रे, तू जा. पार मधोमध जा. हात घालून बघ आन मला येऊन सांग."

"मी दाखवतो की," आबा पुढं झाले.

"तुमी बसा हितं. तुमच्या पोराला जाऊ द्या हद्द दाखवाय. मला तुमच्याशी बोलायचंय."

अशी मी ज्योतीरामच्या मागून ढेकळांतून निघाले. दोघांत चार हात अंतर, मागं दोन म्हाताऱ्यांचे डोळे. चालता चालता मी खाली बघत होते, कारण वर बघायची सोय नव्हती. आणि खाली बघितल्यावर मला दिसायला लागलं. वरून ढेकूळ काळं असे, पण पायानं उलटलं की त्याच्या पोटात पिवळसर खडे चिकटलेले असत. लोखंडी नांगर सहा बैलांनी ओढला की तो खोल जातोच, पण खाली माती असेल तर मातीत जातो. इथं तो मुरुमात गेला होता आणि मुरूम उपसून वर घेऊन आला होता. आता वर मात्र एकही खडा दिसत नव्हता. पलीकडच्या बांधाआड नजर गेली तेव्हा कळलं. तिथं पिवळ्या मुरुमाचा कमरेएवढा ढीग होता, अगदी ताजा, वर पाचोळासुद्धा पडलेला नाही.

मी ज्योतीरामच्या हातांकडं बघितलं. दहाही बोटांची टोकं सोलवटली होती.

"किती दिवस वेचत होता?" मी विचारलं.

तो थांबला. आबांकडं पाठ करून, जणू मला हद्द दाखवतोय असा हात लांब करून म्हणाला, "तीन दीस. आबांनी नांगरलं आन मग त्यांच्याच ध्यानात आलं, समदा पिवळा मुरूम वर आलाय. मग मला वेचाय लावला. नांगरलं नसतं तर निदान भेगा तरी हुत्या. आता भेगाबी न्हाईत आन रानाचं वाटोळं."

मला हसू आलं. ते दाबायला मी खाली बसले आणि ढेकळं बाजूला सारून हात घातला. बोटं गेली, तळवा गेला. मनगटाशी खरखरीत लागलं आणि हात थांबला.

"तितंच थांबणार," तो म्हणाला. "एक वीत, त्येच्या वर न्हाई. त्येच्या खाली मुरूम. मुरुमाखाली काळा फत्तर. हीर खांदाय घेतली तवा पहारंखाली ठिणग्या उडायच्या."

"साडेअकरा एकर सगळंच असं?"

"वढ्याकडंला अर्धा एकर बरं हाय. बाकी समदं आसंच."

"मग पिकतं काय?"

"बाजरी, मटकी, हुलगा, तूर. पाऊस आला की दुसऱ्या दिशी पेराय पाभर चालती. तुमच्या रानात आठ-आठ दीस पाय घालता येत न्हाई म्हणं."

"आणि पंधरा दिवस उघडीप पडली तर?"

"मग करपतं," तो म्हणाला. "पानी धराय खाली जागाच न्हाई. वरची माती भिजती चांगली, फुगती, लोण्यावानी हुती. पन भांडं उथळ. लगीच आटतं."

इतकं सरळ कुणी आपल्या रानाबद्दल बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "हे आधीच का नाही सांगितलंत?"

"आता सांगतोय की. जावा, आत्यास्नी सांगा. मी वाईट वाटून घेणार न्हाई."

त्याचा चेहरा मात्र वाईट वाटल्यासारखाच झाला होता. मी उठले, हात झटकला आणि परत निघाले. तेवढ्या चालण्यात मी काय ठरवलं, हे आज मला विचाराल तर मला सांगता येणार नाही. विधुराचे दात आठवत होते, एवढं खरं.

बांधावर आत्यानं विचारलं, "बघितलंस?"

"हो."

"किती?"

"कोपरभर," मी म्हणाले.

आबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. ज्योतीराम माझ्या मागं उभा होता, त्याचं तोंड मला दिसलं नाही. आत्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि हात टेकत उठली.

"चला आबा. पाणी पिऊ तुमच्या घरचं. जेवण नको, साडेपाचची एसटी हाय. कळवते."

घरी आम्ही गुळपाणी घेतलं. ज्योतीरामची आई पुरणाचा घाट घालून बसली होती. आम्ही जेवत नाही म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं, तरी तिनं मला कुंकू लावलं आणि ओटीत खण घातला. मी खोटं बोलून आले होते आणि ती बाई माझी ओटी भरत होती.

स्टँडवर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. आबा पोचवायला येतो म्हणत होते, आत्यानं येऊ दिलं नाही. स्टँड म्हणजे पत्र्याची शेड आणि एक बाकडं. आम्ही दोघीच होतो. आत्या बाकड्यावर बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली,

"वीतभर माती हाय ती."

मी रस्त्याकडं बघत राहिले.

"कोपरभर मातीत हात घातलास व्हय? आन बांगड्या आशा लख्ख? एक कण न्हाई त्यांच्यावर."

मी हात पदराआड घेतला. हिरव्या बांगड्या खरंच स्वच्छ होत्या. माझा चेहरा तापला. रडू यायला लागलं आणि राग पण आला, तिचा नाही, माझा.

"मग तू तिथंच का नाही बोललीस?"

"तुला इचारलं हुतं न्हवं? तू बोललीस. तुझ्या तोंडचं खोडायचं कशाला?" मग ती म्हणाली, "का बोललीस तसं?"

"उगीच."

"उगीच कुणी बोलत न्हाई. आवडलाय."

मी मान खाली घातली. मला वाटलं आता ती बोलणार, जन्माची माती करशील, माझ्याकडं बघ, वगैरे. तिनं पिशवीचा बंद सोडला, परत बांधला.

"माझ्या येळंला," ती म्हणाली, "दादा रान बघाय निघाला तर मीबी हट्टानं संगं गेल्ते. आसंच. त्या रानाला भेगा हुत्या, चांगल्या रुंद. मी म्हटलं दादा, तू कशाला वाकतोस, मी बघते. हात घातला तर मनगटाशी अडाकला. वर येऊन सांगितलं, कोपरभर."

मी तिच्याकडं बघतच राहिले. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं की आत्याला फसवून दिलं होतं. आजी मरेपर्यंत त्या लोकांना शिव्या देत होती.

"मग फसवलं म्हणतात ते?"

"लोक म्हणले. दोन सालं पाऊस गेला, समदं करपलं, तवा माहेरची मानसं येऊन त्यांच्या दारात भांडली. खोल माती सांगून पोरीला फशिवलं म्हणून. मी आतल्या घरात बसून आयकत हुते. एक शबुद बोलले न्हाई. आपलीच लबाडी, कुठल्या तोंडानं सांगनार? आमचं धनी तर अंगणात मान खाली घालून हुबे. दुसऱ्या दिशी मला म्हणले, तुला खोटं सांगून आणली, तुज्याकडं वर बघाय लाज वाटती. धरणावर जातो, चार पैसं आणतो, मग बघू. तवाबी मी गप बसले."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. धुळीसाठी आत्यानं पदर नाकाला धरला.

"लाजंनंच गेला तो मानूस. दुष्काळानं न्हाई गेला. दुष्काळात काय, समदेच हुते. मला म्हाईत हुतं, मी बघून आले हुते, येवढं एकच सांगायचं हुतं. येवढं एकच."

मला तिच्या हातावर हात ठेवावा वाटलं. ठेवला. तिनं तो बाजूला केला.

"आता आयक. अजून येळ हाय. तुला नको आसंल तर मी परत जाऊन न्हाई म्हणून येते, तुझं नाव निघनार न्हाई. आन हवं आसंल तर तू जा. एकटी जा. त्या घरात समद्यांसमोर सांग की माती वीतभर हाय हे मला ठाव हाय. मग ये. त्या मानसाला जल्मभर खाली मान घालाय लावायची न्हाई."

"मी? एकटी? त्यांच्या घरी?"

"मग काय मी येऊ गुडघं घिऊन?"

मी निघाले. लग्न ठरायच्या आधी नवरी मुलगी होणाऱ्या सासरी एकटीच भरभर चालत निघालीय, हे बघायला पिंपरणीखालची माणसं अजून तिथंच होती. त्यांना त्या दिवशी बरंच काही बघायला मिळालं.

आबा ओसरीवर घोंगडीवर आडवे झाले होते, ते धडपडून उठले. सासूबाई पिठाच्या हातानं चुलीपासून बाहेर आल्या. ज्योतीराम गोठ्यापाशी बैलांना पाणी पाजत होता.

"काय इसरलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आवाज फाटत होता, म्हणून मोठ्यानं बोलले. "तुमच्या रानात माती वीतभर आहे. खाली मुरूम आहे. तो नांगरानं वर आला म्हणून तुम्ही वेचून पलीकडच्या बांधाआड टाकलाय. मी बघितलंय. मघाशी कोपरभर म्हणाले ते खोटं. मी बघून येणार आहे, फसून नाही. एवढंच सांगायचं होतं."

बैल पाणी ओढत होते तेवढाच आवाज. मग सासूबाई आबांकडं वळल्या. "मी म्हटलं नव्हतं नांगरू नका म्हणून? सहा बैलं! रान हाय का तळं हाय?"

आबा ओसरीवरून उतरले आणि चालायला लागले. त्यांच्या पायात वहाणा नव्हत्या हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी त्यांच्यामागून निघाले. गोठ्याकडं बघितलं तेव्हा ज्योतीराम रिकामी बादली हातात धरून उभा होता, आणि बघण्याच्या कार्यक्रमात आलं नव्हतं ते सगळं हसू त्याच्या तोंडावर पसरलं होतं.

स्टँडवर आबा आत्यासमोर उभे राहिले. पटका काढून हातात घेतला.

"अक्का, चुकलं. पोर न्हाई म्हणत हुतं. मी लबाडी केली."

"पटका घाला डोक्याला," आत्या म्हणाली. "माझ्या पोरीनंबी केली, फिटंफाट झाली. आन त्यो मुरूम तेवढा परत रानात पसरा. वीतभर मातीवर खड्यांची पाखर आसली तर ऊन थेट लागत न्हाई, ओल चार दीस जास्त टिकती. उगा वेचून टाकला."

आबा तिच्याकडं बघतच राहिले. "तुमाला कसं ठाव?"

"मी आसल्याच रानात नांदलेय," आत्या म्हणाली. "लगीन जेष्ठाच्या आधी उरका. पेरणीला माणूस लागंल तुमाला."

त्या घरात मी पुढं सत्तेचाळीस वर्षं काढली. नऊ सालं पार करपलेली, चार-पाच भरभरून, बाकीची बरी. वाईट साली भांडणं झाली, ती सगळ्या घरांत होतात. पण फसवलं हा शब्द आमच्या घरात कुणी कधी काढला नाही, आणि ज्योतीराम माझ्यासमोर मान खाली घालून कधी उभा राहिला नाही. करपलेल्या साली तो सरळ सांगायचा, "गेलं," आणि मी म्हणायची, "बघितलं मी."

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. एसटी वेळेवर आली. आत्याला वर चढवलं, ती खिडकीशी बसली. गाडी सुटली, माळ मागं पडायला लागला. बराच वेळ ती बाहेर बघत होती.

"समद्यांसमोर सांगितलंस?" तिनं विचारलं.

"हो."

"त्यो काय म्हणला?"

"काही नाही. हसला."

तिनं मान हलवली. मग खिडकीबाहेरच बघत म्हणाली, "दत्तू. दत्तू कोंडिबा."

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल बोलतेय. पंचवीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनकार्डावर लिहायची वेळ आली तरी चुलत्याकडं बोट दाखवायची.

"लई आवडलं हुतं गं मला ते," ती म्हणाली.

कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला, तेव्हा दोन मंगळवेढा असं मीच सांगितलं, कारण आत्याला बोलता येत नव्हतं.